वायर जोडली, मीटर हलला, आवाज मात्र नाही

"ताई, नमस्कार. मी कणकवली तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, वय २३. बाबा आमच्या भजन मंडळाचे बुवा, पेटी तेच वाजवतात. माझ्याकडे यामाहाचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे आणि ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप. गणपतीच्या आधी मंडळाचे दोन अभंग आणि एक गजर घरीच ट्रॅक करायचं ठरवलंय. प्रिंटरची जुनी केबल कीबोर्डला लावली, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पट्टी दाबली की ट्रॅकवरचा मीटर हलतो, पण लॅपटॉपमधून आवाज येत नाही. एक फुकटचा पियानो टाकला, तो वाजला, पण पट्टी दाबल्यावर उशिरा. कीबोर्डमधला तबला आणि सनई लॅपटॉपमध्ये दिसतच नाहीत. म्हणून कीबोर्डच्या हेडफोन जॅकमधून लॅपटॉपच्या जॅकमध्ये वायर घातली, तर आवाज फाटतो आणि मागे सतत घूं घूं. दुकानदार म्हणतो ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे माइकचा आणि वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी. मित्र म्हणतो हा कीबोर्ड विकून मिडी कंट्रोलर घे. हातात पाच-सहा हजार आहेत. काय करू?"

नमस्कार.

आधी मित्राचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे ती घाई थांबेल. कीबोर्ड विकू नका. तो मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला पट्ट्यांच्या सूचना पाठवणारा कीबोर्ड, आहेच. बाजारात 'कंट्रोलर' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेकदा स्वतःचे आवाज नसतात, स्पीकर नसतो, लॅपटॉपशिवाय ते मुकं असतं. तुमच्याकडे लॅपटॉपला जोडलं तर कंट्रोलर आणि सोडवलं तर वाद्य, असं दोन्ही आहे. ते देऊन कमी घेण्यात काही अर्थ नाही.

दुसरं, मीटर हलतोय याचा अर्थ तुमची जोडणी झालेली आहे. बरेच जण याच्या अलीकडेच अडकतात. कोणी नुसती चार्जिंगची केबल लावतो, त्यातून माहिती जात नाही. कोणी पेन ड्राइव्हच्या चपट्या पोर्टमध्ये केबल घालतो. लॅपटॉपसाठीचं पोर्ट वेगळं असतं; त्यावर 'टू होस्ट' लिहिलेलं असतं आणि यामाहाच्या बहुतेक कीबोर्डांवर ते प्रिंटरसारखं चौकोनी असतं. तुम्ही हे सगळं बरोबर केलंय. केबल धड आहे, विंडोजने कीबोर्ड ओळखलाय आणि रीपरला तुमची प्रत्येक पट्टी कळतेय.

मग आवाज का नाही? कारण त्या केबलमधून आवाज जातच नाही. जातात त्या फक्त सूचना: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. मधला सी म्हणजे पट्टी क्रमांक ६०. जोर १ ते १२७ या मापात मोजला जातो. पेडल दाबलं, पिच बेंडचं चाक फिरवलं, तरी त्याची अशीच आकड्यांतली नोंद जाते. गत लिहिलेला कागद दुसऱ्या वादकाच्या हाती द्यावा तसं हे आहे. तो वाजवणार ते स्वतःच्या वाद्यावर. तुमच्या लॅपटॉपमध्ये कागद पोचला, पण समोर वादक बसवलेला नव्हता. नंतर तुम्ही पियानोचं प्लगिन, म्हणजे रीपरच्या आत वाजणारं सॉफ्टवेअरमधलं वाद्य, टाकलंत, तेव्हा वादक आला आणि आवाज आला. कीबोर्डमधला तबला आणि सनई लॅपटॉपमध्ये दिसत नाहीत तेही याचमुळे. ते आवाज कीबोर्डच्या आतल्या चिपमध्ये साठवलेले आहेत, केबलमधून ते बाहेर पडत नाहीत.

सूचनांची ही भाषा म्हणजेच मिडी, आणि ती बरीच जुनी आहे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. त्यामागचे दोघे, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकच बोली मान्य केली, म्हणून आज तुमचा जपानी कीबोर्ड आणि कुठल्याही कंपनीचा लॅपटॉप पहिल्या प्रयत्नात एकमेकांशी बोलतात. मला याचं आजही फार अप्रूप वाटतं.

आता रीपर. ट्रॅकवरचं लाल बटण एकदा दाबा, इनपुटमध्ये मिडी निवडा, मॉनिटर (वाजवतानाच लॅपटॉपमधून ऐकू येण्याचं बटण) चालू करा. एवढं तुम्ही केलेलंच दिसतंय. मग त्याच ट्रॅकवरच्या 'एफएक्स' बटणातून वाद्य बसवा. रीपरबरोबर रीसिंथ नावाचं एक साधं वाद्य येतंच. ते कानाला फार गोड नाही, पण जोडणी तपासायला पुरेसं आहे. पुढे डिसेंट सॅम्पलर, स्पिटफायरचं लॅब्स, सर्ज एक्सटी ही सगळी फुकट आणि खरोखर चांगली आहेत. तुमच्या ८ जीबीत ती आरामात चालतील, फक्त एका वेळी दहा-दहा उघडू नका. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, त्यानंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. एवढ्या दिवसांत तुमचे तीन ट्रॅक होतील. पुढे वापरणार असाल तर परवाना जरूर घ्या, माणसं मेहनतीने ते बनवतात.

लॅपटॉपचा आणि कीबोर्डचा असे दोन आवाज एकावर एक येऊ लागले तर कीबोर्डच्या फंक्शन मेनूत 'लोकल' शोधा आणि ते बंद करा. मग पट्ट्या फक्त लॅपटॉपला सूचना देतील, कीबोर्ड स्वतः वाजणार नाही. भजनाला नेण्यापूर्वी ते परत चालू करायला विसरू नका. नाहीतर ऐन वेळी कीबोर्ड बिघडला असं वाटून सगळे वायरी हलवत बसतील.

उशिराचं काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण याच टप्प्यावर बरेच जण कंटाळून सोडून देतात आणि दोष आपल्या लॅपटॉपला देतात.

लॅपटॉप आवाज एकेका थेंबाने बाहेर पाठवत नाही, थोडा साठवतो आणि मग सोडतो. या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (बारीक तुकडे) या वेगाने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. २५६ चा बफर म्हणजे जेमतेम ६, आणि १२८ चा ३ च्या आत. त्यावर ड्रायव्हरचा आणि यूएसबीचा थोडा वेळ चढतो. आता हे आकडे कानाच्या हिशेबात बघा. हवेतून आवाजाला एक मीटर यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. भजनात पखवाजवाला बुवांपासून तीन-साडेतीन मीटरवर बसला असेल तर त्याची थाप बुवांच्या कानावर १० मिलिसेकंदांनी पडते आणि कोणाचं काही बिघडत नाही. म्हणजे १० च्या आसपासचा उशीर हाताला सवयीचा आहे. २५-३० पासून हात अडखळायला लागतात. तुम्हाला जाणवला तो उशीर याहून बराच जास्त असणार, कारण विंडोजचा मूळचा आवाजाचा रस्ता लांबचा आहे.

तो बदलायचा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली 'डिव्हाइस' आहे. तिथे एएसआयओ, म्हणजे आवाजाचा जवळचा रस्ता, निवडा. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डाला एएसआयओ ड्रायव्हर बहुधा नसतो, म्हणून 'एएसआयओ-फोर-ऑल' हा मोफत ड्रायव्हर आधी बसवून घ्या. बफर २५६ वर ठेवून वाजवा. कडकड आवाज आला तर ५१२, काहीच त्रास नसेल तर १२८. ड्रायव्हर बसवायचा नसेल तर त्याच यादीत 'वासापी' नावाचा पर्याय असतो, त्यातला 'एक्सक्लुझिव्ह' करून पाहा. बरेचदा तोही पुरतो. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स', रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद. आणि ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. त्यात सहसा १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त जातात, मग बाकी कितीही नीट लावलं तरी उपयोग होत नाही. दहा रुपयांचा का असेना, वायरचा हेडफोन वापरा.

या सगळ्यात एक सोपी पळवाटही आहे आणि ती मी मनापासून सुचवेन. लोकल चालू ठेवा, रीपरमधलं मॉनिटर बंद करा आणि कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजावर वाजवा. त्या आवाजाला उशीर नसतो. रीपर शांतपणे मिडी नोंदवत राहील. वाजवून झालं की ट्रॅकवर हवं ते वाद्य लावून ऐका. बोटं तुमचीच, वेळेवर पडलेली. उशिराचा प्रश्नच उरत नाही, एक पैसा लागत नाही.

आता फाटणारा आवाज. लॅपटॉपला हल्ली जे एकच भोक असतं ते हेडसेटसाठी असतं. ऐकायला स्टीरिओ, पण आत येणारा आवाज फक्त एका माइकचा. तोही मोनो आणि अगदी कमकुवत. माइकचा बारीक आवाज वाढवून घ्यायला बनवलेल्या त्या जागी कीबोर्डचा जोरदार आवाज गेला की तो फाटणारच. व्हॉल्यूम कमी केला तर फाटणं थांबेल, पण खरखर वर येईल. त्या वाटेला जाऊच नका.

घूं घूं वेगळ्या कारणाने आहे. कीबोर्ड आणि लॅपटॉप यूएसबीने जोडलेले आहेत, वर ऑडिओची वायरही जोडली, शिवाय दोघांचे अडॅप्टर भिंतीत. अशा दोन-तीन वाटांनी विजेचं एक वर्तुळ पूर्ण होतं आणि ते ऐकू येतं. तपासायला सोपं आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. घूं घूं गेली तर कारण सापडलं. मग ऑडिओ रेकॉर्ड करताना यूएसबीची केबल काढून ठेवायची, किंवा दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावायचे, आणि तरीही राहिली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हे वर्तुळ तोडणारी छोटी डबी, लावायचा. जुन्या पाच पिनच्या मिडी जोडणीत वाद्यांमधला विजेचा संबंध तोडून फक्त उजेडाने सूचना पुढे पाठवणारा भाग मुद्दाम ठेवलेला होता, याच घूं घूंसाठी. एक मात्र कळकळीने सांगते: घूं घूं जावी म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थिंगची जाड पिन कापायचा किंवा टू-पिनमध्ये बसवायचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. पावसाळ्यात, ओल्या भिंतींच्या घरात, हातात माइक घेतलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

मग कीबोर्डमधली सनई आणि तबला आत आणायचे कसे? पैसे खर्च करण्याआधी कीबोर्डची पुस्तिका उघडा आणि शेवटच्या तपशिलांच्या पानावर 'यूएसबी ऑडिओ' किंवा 'ऑडिओ इंटरफेस' असे शब्द आहेत का बघा. काही नव्या मॉडेलांमध्ये, उदाहरणार्थ यामाहाच्या पीएसआर-ई ३७३ मध्ये, त्याच यूएसबी केबलमधून सूचनांबरोबर खरा आवाजही जातो, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टीरिओ. तुमच्या कीबोर्डला ती सोय असेल तर विंडोजसाठी यामाहाच्या साइटवरून 'यामाहा स्टाइनबर्ग यूएसबी ड्रायव्हर' उतरवून बसवा. रीपरमध्ये तोच ऑडिओ डिव्हाइस म्हणून निवडा. सनई थेट आत येईल, लॅपटॉपचा आवाज उलट कीबोर्डच्या स्पीकरमधून ऐकू येईल, आणि उशिराचा प्रश्नही बराचसा तिथेच मिटेल. काही मॉडेलांवर पेन ड्राइव्ह लावून थेट ऑडिओ रेकॉर्ड करायची सोय असते. ती असेल तर पेन ड्राइव्हवरची फाइल लॅपटॉपमध्ये ओढून घेणं एवढंच काम.

यातलं काहीच नसेल तर इंटरफेस लागेल. आणि इथे दुकानदाराचं म्हणणं मला पटतं, पण त्याने सांगितलं असेल त्या कारणासाठी नाही. कीबोर्डसाठी इंटरफेस नसला तरी तुमचं चालू शकतं. तो हवा आहे बाबांच्या पेटीसाठी आणि गळ्यासाठी.

जरा विचार करा. घरात खरी पेटी आहे, ती रोज वाजवणारा माणूस आहे, मंडळात पखवाज आहे, झांजा आहेत, कोरस आहे. कीबोर्डमधल्या हार्मोनियमच्या आवाजाला भाता नाही. पट्टी दाबली की तो एकाच ताकदीने सुरू होतो आणि तसाच राहतो. भात्यावरचा डावा हात ओळीच्या शेवटी जो श्वास घेतो, तो त्यात नाही. कीबोर्डच्या तबल्याला पखवाजाचा खर्ज नाही. बुवांचे अभंग या दोन गोष्टींवर उभे असताना त्यांची नक्कल लॅपटॉपमधून आणायची आणि खरी वाद्यं कोपऱ्यात ठेवायची, हे मला पटत नाही. कीबोर्डला वेगळं काम द्या: मागचा तंबोरा, मध्येच एखादी बासरी, दुसऱ्या अभंगाला हलक्या स्ट्रिंग्ज, गजराच्या आधी स्वरमंडळ. तिथे तो फार सुंदर उपयोगी पडतो.

म्हणून इंटरफेस घेताना दोन माइक लागतील असाच घ्या. फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू किंवा बेहरिंगरचा यूएमसी २०२ एचडी या जातीचे. स्वस्तातल्या काही इंटरफेसना दोन भोकं दिसतात, पण एक माइकचं आणि दुसरं गिटारचं असतं. खोक्यावर नीट वाचा. तुमच्या पैशांत नवा बसत नसेल तर चालू स्थितीतला वापरलेला बघा, समोर जोडून ऐकून घ्या. माइकसाठी आत्ता खर्च नको. मंडळाकडे कार्यक्रमाचे साधे डायनॅमिक माइक असतीलच, ते चालतात. त्यांना इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं, माइकला वीज देणारं बटण लागत नाही. एक पेटीसमोर हातभर अंतरावर, भात्याच्या बाजूला नको, तिथे हवेचा आवाज येतो. दुसरा पखवाजासमोर. आवाजाची पातळी सगळ्यात जोरकस जागी मायनस १२ डीबीच्या आसपास राहील इतकीच ठेवा. बुवा रंगात आले की सरावापेक्षा मोठ्यानेच गातात, ती जागा मोकळी हवी.

याच इंटरफेसमध्ये पुढे कीबोर्डही जोडता येईल. त्यात एक खाचखळगा आहे जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. कीबोर्डच्या हेडफोन जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज एकाच पिनेवरून येतात. इंटरफेसचं लाइन इनपुट मात्र तशा पिनेवर एकच आवाज येईल असं धरून चालतं, एकदा सरळ आणि एकदा उलटा, आणि दोघांतला फरक घेतं. त्यामुळे दोन्हीकडे स्टीरिओ पिन असलेली साधी वायर लावली की डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते एकमेकांतून वजा होतं. सनई जवळजवळ नाहीशी होते, नुसता मागचा घुमारा उरतो, आणि माणूस कीबोर्डला दोष देतो. वायर घ्यायची ती एका टोकाला मोठी स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली. एक पहिल्या इनपुटला, एक दुसऱ्या. कीबोर्डचा व्हॉल्यूम दोन तृतीयांश, बाकीचं इंटरफेसच्या बटणावर.

मिडी आणि आवाज दोन्ही वापरण्याची एक रीत मला विशेष आवडते. सनईचा तुकडा आधी मिडीत वाजवा. चुकलेली पट्टी रीपरमध्ये माउसने सरकवा, लांबलेली आखूड करा. तो तुकडा तुमच्या मनासारखा झाला की ट्रॅकचं मिडी आउटपुट परत कीबोर्डकडे पाठवा. कीबोर्डवर सनई लावून ठेवा; तो स्वतःहून ती वाजवेल. तो आवाज इंटरफेसमधून रेकॉर्ड करा. हाताने शंभर वेळा वाजवायची गरज नाही, आणि आवाज तुम्हाला हवा तोच. सनईला किंवा बासरीला मींड हवी तर पिच बेंड वापरा. तुमच्या कीबोर्डला चाक नसेल तर रीपरच्या मिडी एडिटरमध्ये ती रेघ हाताने काढता येते. बहुतेक वाद्यांत पिच बेंड मुळात दोन अर्धस्वरांपर्यंत लावलेला असतो. प्लगिनमध्ये तो वेगळा असेल तर मींड भलत्याच सुरावर जाऊन थांबेल, तेवढं जुळवून घ्या.

आता क्रम. इथे मात्र मी हट्टी आहे.

आधी सूर. बाबांना विचारा, कोणता अभंग काळी एकमध्ये, कोणता काळी दोनमध्ये, आणि ते ठरल्याशिवाय रेकॉर्डिंगचं बटण दाबू नका. मिडीचा तुकडा नंतर दोन अर्धस्वर वर सरकवणं क्षणाचं काम आहे, पण रेकॉर्ड झालेली पेटी आणि गळा तसा सरकत नाही, सरकवला तर खराब होतो. आणि चुकून सगळे मिडी ट्रॅक एकत्र निवडून सरकवले तर तबल्याचे बोल बदलतात, कारण तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळा बोल ठेवलेला असतो. त्यानंतर पेटी आणि कीबोर्ड सुरात आहेत का ते ऐका. जुन्या पेटीचे सूर बहुधा आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाशी तंतोतंत जुळत नाहीत. पेटीचे सूर घरी बदलता येत नाहीत, म्हणून कीबोर्डचं ट्यूनिंग पेटीला मिळवायचं, आणि रीपरमधल्या प्रत्येक प्लगिनचंही. पंचमावर दोन्ही धरून ठेवा आणि दोघांच्या आवाजात ऐकू येणाऱ्या लाटा थांबेपर्यंत कीबोर्डचं ट्यूनिंग सरकवा. बाबांना जवळ बसवा, त्यांचा कान यात सगळ्यात उपयोगी.

मग पेटी, पखवाज आणि बुवांचा आवाज एकत्र, एका दमात, क्लिकशिवाय. हे मी मुद्दाम सांगते आहे. इंटरनेटवरचे सगळे धडे आधी टेम्पो लावा, मेट्रोनोम चालू करा असं शिकवतात. ते त्यांच्या संगीतासाठी ठीक आहे. तुमच्या भागातलं भजन एका लयीत राहतच नाही. गजर तर वाढत्या लयीवरच जगतो. ठरावीक ठोक्यावर बांधलेला गजर ऐकून मंडळातला एकही माणूस मान डोलावणार नाही. आधी माणसांनी वाजवलेलं आत घ्या, त्याच्यावर कानाने ऐकत कीबोर्ड भरा. रीपरमधल्या मापाच्या उभ्या रेघा समेवर दिसायला हव्या असतील तर दर आवर्तनाच्या समेवर टेम्पो मार्कर ठेवता येतात, पण ते मिडी वाजवण्याच्या आधी करा, नाहीतर वाजवलेलं जागचं हलेल.

क्वांटाइझ नावाचं बटण दिसेल, जे चुकलेले स्वर ठोक्यावर आणून बसवतं. तंबोऱ्याला त्याची गरज नाही. बासरीला आणि सनईला ते लावूच नका. मुख्य स्वराच्या किंचित आधी घेतलेला कणस्वर त्याला चूक वाटतो, तो त्याला ओढून मुख्य स्वरावर बसवतं आणि दोन पट्ट्या एकदम वाजल्यासारखं बोचतं. स्ट्रिंग्जसारख्या लांब सुरांना हवं असेल तर निम्म्या ताकदीने लावा. इथे तुमचा कान मशीनपेक्षा जास्त जाणतो.

प्रत्येक अभंगाचं वेगळं फोल्डर करा आणि सेव्ह करताना सगळ्या ऑडिओ फाइली त्याच फोल्डरमध्ये जातील हे रीपरला सांगा. रोज रात्री ते फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बुवांनी मनापासून गायलेला एक टेक पुन्हा तसाच मिळत नाही.

तर आज काही विकत घेऊ नका. पुस्तिका उघडून यूएसबी ऑडिओ आहे का बघा, एएसआयओ-फोर-ऑल बसवा, तंबोऱ्याचा एक ट्रॅक करून बाबांना त्यावर गाऊ द्या. इंटरफेस त्यानंतर, पेटीला माइक लावायची वेळ आली की. कीबोर्डचा पूर्ण मॉडेल क्रमांक त्याच्या खालच्या बाजूच्या लेबलवर छापलेला असतो. तो मला कळवा, म्हणजे त्याला कोणता ड्रायव्हर लागतो आणि लोकलचं सेटिंग कोणत्या मेनूत आहे ते नेमकं लिहून पाठवते.